‘हॅलोवीन’: रंगवलेली पानं आणि बंद दार

१९७८चा वसंत. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या साउथ पॅसडीना गावातल्या एका शांत रस्त्यावर शूटिंग चाललंय. सिनेमाची गोष्ट घडते इलिनॉय राज्यातल्या एका छोट्या गावात, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे रस्त्यावर पानगळीची पिवळी-तांबूस पानं हवीत. कॅलिफोर्नियातली झाडं मात्र हिरवीगार आहेत. मग युनिटने कागदाची पानं कापून रंगवली. शॉटच्या आधी ती रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की सगळ्यांनी मिळून गोळा करायची, पोत्यात भरायची आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरायची. नवी पानं बनवण्याएवढे पैसे नव्हते.

आजही सिनेमा नीट पाहिलात तर काही फ्रेममध्ये मागे पामची झाडं दिसतात. इलिनॉयच्या थंडीत पाम! हा बग कुणीच फिक्स केलेला नाही. तरी पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली, दर ऑक्टोबरला जगभर लोक तो सिनेमा पुन्हा लावतात. २००६मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत त्याला जागा दिली. जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोवीन’.

मी तो पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पाहिला. सात मुली, एक लॅपटॉप, दोन मोठे वेफर्सचे पुडे. आम्ही खूप हसलो. ‘किती स्लो आहे यार’ हा एकमताने दिलेला निकाल होता. नोकरी लागल्यावर, एकटीच्या फ्लॅटमध्ये, हेडफोन लावून तोच सिनेमा पुन्हा पाहिला तेव्हा मधेच पॉज करून दाराची कडी तपासून आले. सिनेमा तोच होता. मग बदललं काय, हे शोधता शोधता मी त्याच्या इतिहासात शिरले.

सव्वातीन लाख डॉलर

कल्पना निर्माता अर्विन याब्लान्सची. एक खुनी आणि त्याच्या तावडीत सापडलेल्या बेबीसिटर मुली, एवढंच सूत्र. सुरुवातीचं नावही ‘द बेबीसिटर मर्डर्स’ असंच होतं. अमेरिकेत शाळा-कॉलेजातल्या मुली संध्याकाळी शेजारपाजारची मुलं सांभाळून खिशापुरते पैसे मिळवत, त्यामुळे ही भीती प्रत्येक घराला कळणारी होती. शिवाय गोष्ट एका रात्रीत आणि दोन-तीन घरांत उरकते, म्हणजे खर्च कमी. ती रात्र हॅलोवीनची ठेवायचं ठरलं आणि सिनेमाला नाव मिळालं.

पैसे दिले मुस्तफा अक्कडने. सीरियात जन्मलेल्या या निर्माता-दिग्दर्शकाने दोनच वर्षांपूर्वी इस्लामच्या उदयावरचा ‘द मेसेज’ हा भव्य चित्रपट केला होता. त्या मानाने इथले तीन-सव्वातीन लाख डॉलर म्हणजे चिल्लर. कार्पेंटर तिशीचा होता. त्याने दिग्दर्शन, सहलेखन आणि संगीत मिळून दहा हजार डॉलर घेतले आणि नफ्यात वाटा मागितला. पटकथा त्याने डेब्रा हिलबरोबर लिहिली. ती निर्मातीही होती. सिनेमातल्या हॅडनफील्ड गावाचं नाव तिच्या न्यू जर्सीतल्या गावावरून आलंय, आणि मुलींचे बहुतेक संवाद तिनेच लिहिलेत. मुली गाडीत बसून शाळा, मुलगे, डान्सचा कार्यक्रम यांबद्दल जे बोलतात, ते आजही खोटं वाटत नाही त्याचं कारण हे.

शूटिंग जेमतेम तीन आठवडे चाललं. बऱ्याच नटांनी घरचेच कपडे घातले. नायिका लॉरीचं काम जेमी ली कर्टिसला मिळालं. हा तिचा पहिलाच सिनेमा. तिची आई जॅनेट ली, म्हणजे हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये बाथरूममध्ये मारली जाणारी बाई. बजेटमधला सर्वांत प्रसिद्ध चेहरा डोनाल्ड प्लेझन्सचा होता. त्याच्या कामाचे दिवस अवघे पाच. त्याच्या डॉक्टर लूमिसचं नावही ‘सायको’तल्याच एका पात्राचं.

आणि मुखवटा. कला विभाग सांभाळणाऱ्या टॉमी ली वॉलेसने दुकानातून दोनेक डॉलरचा एक रबरी मुखवटा आणला. ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा. त्याने त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले आणि चेहऱ्यावर पांढरा रंग मारला. ओळखीचा चेहरा पुसला गेला. उरलं ते माणसासारखं काहीतरी. श्रेयनामावलीत मुखवट्यामागच्या पात्राला नावही दिलेलं नाही, फक्त ‘द शेप’, म्हणजे आकृती. ती बहुतेक प्रसंगांत साकारली निक कॅसलने. तो कार्पेंटरचा कॉलेजचा मित्र, रोजचे पंचवीस डॉलर घेऊन.

पैसा कुठे खर्च केला

एवढ्या कमी बजेटमध्ये कुणीही रक्तावर आणि मेकअपवर भर दिला असता. ‘हॅलोवीन’मध्ये रक्त जवळजवळ नाहीच. पाच माणसं मरतात, पण आपल्या डोळ्यांदेखत फार थोडं घडतं. काटकसर करणाऱ्या या लोकांनी एका गोष्टीत मात्र तडजोड केली नाही, ती म्हणजे कॅमेरा. पॅनाव्हिजनची रुंद फ्रेम आणि हातात धरूनही न हलणारा, तेव्हा अगदी नवा असलेला पॅनाग्लाइड कॅमेरा त्यांनी घेतला.

पहिली चार मिनिटं या कॅमेऱ्याचीच आहेत. रात्रीचं घर. कुणीतरी खिडकीतून आत डोकावतं, मागच्या दाराने शिरतं, ड्रॉवरमधून सुरी काढतं, जिना चढतं. सगळं त्या ‘कुणीतरी’च्या नजरेतून. मग मुखवटा निघतो आणि दिसतो सहा वर्षांचा मायकल. त्याने स्वतःच्या बहिणीचा खून केलाय. सुरी उचलणारे हात डेब्रा हिलचे आहेत, कारण हा शॉट घेतला तेव्हा मुलगा सेटवर उपलब्ध नव्हता. मोडकळीला आलेलं ते घर या शॉटसाठी युनिटच्या लोकांनीच रंगवून सजवलं होतं.

छायाचित्रकार डीन कंडीची कमाल पुढे दिसते. रुंद फ्रेमच्या एका कडेला लॉरी, बाकी फ्रेम रिकामी. आपली नजर त्या रिकाम्या भागात फिरत राहते. भरदुपारी कुंपणाआड कुणीतरी उभं असतं, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये कुणीतरी उभं असतं, पुन्हा पाहावं तर नसतं. शेवटाकडे लॉरी एका अंधाऱ्या दाराशेजारी भिंतीला टेकून रडतेय. तिच्या मागच्या काळोखातून पांढरा मुखवटा हळूहळू दिसू लागतो. तो पुढे येत नाही, आधीपासून तिथेच आहे. कंडीने डिमरवरचा एक छोटासा दिवा सावकाश वाढवलाय, बस. आपल्या डोळ्यांना अंधाराची सवय झाली की जसं दिसतं, अगदी तसं.

संगीतालाही पैसे नव्हते, म्हणून कार्पेंटरने ते स्वतः तीन दिवसांत केलं. त्याचे वडील संगीताचे प्राध्यापक. त्यांनी लहानपणी बोंगोवर त्याला पाच मात्रांचा ठेका शिकवला होता. पियानोवरची ती धून त्याच ठेक्यावर आहे. आपला कान चारवर समेची वाट पाहतो आणि ती एक मात्रा उशिरा येते. टाळी देऊन पाहा, प्रत्येक आवर्तनात चुकाल. पडद्यावर काही घडत नसतानाही अस्वस्थ वाटतं त्याचं अर्धं श्रेय या चुकलेल्या मात्रेचं. संगीत आणि इफेक्ट नसलेली प्रिंट कार्पेंटरने एका मोठ्या स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवली होती. त्यांना अजिबात भीती वाटली नाही.

ऑक्टोबर १९७८मध्ये कॅन्सस सिटीत सिनेमा लागला. जाहिरातीला पैसे नसल्याने तो तोंडी प्रसिद्धीवर गावोगाव पसरला. एकट्या अमेरिकेत त्याने सुमारे ४.७ कोटी डॉलर कमावले. दोन वर्षांत ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला आणि मुखवटेवाल्या खुन्यांची रांग लागली. त्या रांगेची सुरुवात ‘हॅलोवीन’ने केली असं म्हणतात, पण ते पुरतं खरं नाही. कॅनडात १९७४मध्येच बॉब क्लार्कचा ‘ब्लॅक ख्रिसमस’ येऊन गेला होता. खुन्याच्या नजरेने फिरणारा कॅमेरा आणि सणाची रात्र त्यातही आहे.

भुताला कारण लागतं

आजीच्या गोष्टीतल्या भुतांना चरित्र असायचं. मुंज झाल्यावर लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. कारण ठाऊक असलं की उतारा सापडतो, नारळ फुटतो, आपण झोपतो.

मायकलचं कारणच सांगितलेलं नाही. साधं मध्यमवर्गीय घर, साधे आईवडील. पंधरा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात तो एक अक्षर बोललेला नाही. डॉक्टर लूमिसने आधी त्याच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न केला आणि नंतर तो कधीच बाहेर येऊ नये म्हणून. सगळ्यांत शिकलेल्या माणसाकडेच उत्तर नाही.

पुढच्या लोकांना ही रिकामी जागा सहन झाली नाही. १९८१च्या दुसऱ्या भागात, तोही कार्पेंटर आणि हिलनेच लिहिलेला, लॉरी मायकलची बहीण असल्याचं सांगितलं गेलं. कार्पेंटरने पुढे या कल्पनेबद्दल नाराजीच दाखवली. २००७च्या रिमेकमध्ये रॉब झॉम्बीने मायकलला भांडखोर, शिवराळ घर आणि दुःखी बालपण दिलं. कारण मिळालं आणि माझी तरी भीती गेली. २०१८च्या भागाने बहिणीची गोष्ट अफवा म्हणून झटकून टाकली आणि कथा थेट १९७८ला नेऊन जोडली. कमाई २५ कोटी डॉलरच्या वर गेली. चाळीस वर्षं जे भरत आणलं होतं, ते पुसून पुन्हा मोकळं करावं लागलं.

शेजाऱ्याचा दिवा

या सिनेमावर एक जुना आक्षेप आहे. ज्या मुली मुलांबरोबर रात्र घालवतात त्या मरतात, अभ्यासू लॉरी वाचते, म्हणजे ही नीतिकथाच आहे. कार्पेंटरने हे नाकारलंय. १९८७मध्ये कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी अशा सिनेमांतल्या शेवटी उरणाऱ्या मुलीला ‘फायनल गर्ल’ हे नाव दिलं आणि चर्चा पुढे गेली. मुलगे प्रेक्षकसुद्धा शेवटी या मुलीच्याच बाजूने श्वास रोखतात, हे त्यांचं निरीक्षण. लॉरी विणकामाची सुई, कपड्यांचा हँगर, हाताला लागेल त्याने लढते. तरी शेवटी गोळ्या झाडतो तो लूमिस, हेही खरं.

माझ्यासाठी मात्र सिनेमाचं केंद्र दुसरीकडे आहे. लॉरी जखमी होऊन रस्त्यावर धावत येते आणि एका घराचं दार बडवते. मदतीसाठी ओरडते. आत दिवा लागतो. खिडकीच्या पट्ट्या जराशा बाजूला होतात, कुणीतरी तिला पाहतं. मग दिवा विझतो.

काही सेकंदांचाच प्रसंग. हॉस्टेलवर आम्ही तो पाहिला असेल, पण मला आठवतही नव्हता.

दुसऱ्यांदा सिनेमा पाहिला त्याच्या काही महिने आधी, एका रिलीजच्या रात्री मला दीड वाजता घरी यायला झालं. गल्ली खणलेली होती म्हणून कॅबने मेन रोडला सोडलं. एक माणूस मागून चालत होता. मी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. घर अजून लांब होतं, म्हणून मधल्या एका बिल्डिंगमध्ये शिरून तळमजल्यावरची बेल दाबली. आत टीव्ही चालू होता. बेल वाजल्यावर टीव्हीचा आवाज बंद झाला. दाराच्या भिंगात अंधार झाला, म्हणजे कुणीतरी डोळा लावला. मी म्हटलं, ‘काका, दोन मिनिटं उभी राहू का आत?’ दार उघडलं नाही. थोड्या वेळाने तो माणूस निघून गेला आणि मीही घरी आले. काहीच झालं नाही. ऑफिसात सांगितलं तर सगळे म्हणाले, लाइव्ह लोकेशन शेअर करत जा.

मायकल मायर्ससारखा माणूस मला आयुष्यात भेटणार नाही, हे मला माहीत आहे. तो विझणारा दिवा मात्र मला भेटला होता. हॅडनफील्डमध्ये सगळं व्यवस्थित आहे. कापलेली हिरवळ, रुंद रस्ते, शाळा, शेरीफ. डॉक्टर दिवसभर सावध करत फिरतोय आणि मुली सांगतायत की कुणीतरी पाठलाग करतंय. ऐकणारा सगळ्यांनाच उडवून लावतो. कागदाच्या पानांइतकंच हे गावही रंगवलेलं आहे.

लूमिस सहा गोळ्या झाडतो, मायकल बाल्कनीतून खाली पडतो. लूमिस वाकून पाहतो तर हिरवळीवर कुणी नाही. त्यानंतर सिनेमा फक्त जागा दाखवतो. जिना, दिवाणखाना, अंधारा रस्ता, ते जुनं घर. माणूस एकही नाही, नुसता श्वासाचा आवाज. खर्च शून्य. आणि तो आता यांपैकी कुठल्याही घरात असू शकतो.

हा लेख लिहायला घेतला त्या आठवड्यात, रात्री साडेअकराच्या सुमारास माझ्या दाराची बेल वाजली. मी सिनेमाच पाहत होते. हेडफोन काढले, लॅपटॉपची स्क्रीन खाली केली आणि पाय न वाजवता दारापर्यंत गेले. भिंगातून एक पाठमोरी बाई दिसली, हातात पिशवी. बेल पुन्हा वाजली. मी श्वास रोखून उभी होते. ती वळायच्या आधीच जिन्याचा दिवा गेला, आणि मग पायऱ्या उतरल्याचा आवाज आला.

कोण होती, का आली होती, मला माहीत नाही. दार मी उघडलं नव्हतं.