बार्शीची जीप

गेल्या शनिवारी आमच्या सोसायटीत हेल्थ कॅम्प होता. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. क्लबहाऊसमध्ये टेबलं, पांढरे कोट, सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनम पॅकेजेस आणि रक्त दिलं की उपमा फुकट. यावेळी फॉर्मवर तिशीपुढच्या बायकांसाठी एक वेगळी ओळ होती: पॅप स्मिअर, आणि जास्त पैसे भरले तर एचपीव्ही टेस्ट. मला तीस पूर्ण व्हायला अजून सात महिने आहेत, त्यामुळे मी सुटले. आई मात्र दबक्या आवाजात म्हणाली, "तिथे टिक नको करूस." का, तर फॉर्म गोळा करायला खालच्या मजल्यावरचे काका बसले होते.

माझी आत्या सध्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आहे. तिचं सासर भूम तालुक्यातलं. ती शांतपणे म्हणाली, "पिशवीच्या तोंडाची तपासणी ना ती? माझी झालीय की. लई वर्षं झाली. बार्शीची जीप आलती गावात."

मी उडालेच. म्हणजे आम्ही ठाण्यात, हाकेच्या अंतरावर चार हॉस्पिटलं, आणि आईची एकदाही झालेली नाही. आणि आत्याची भूमसारख्या दुष्काळी तालुक्यात पंचवीसेक वर्षांपूर्वी झालेली! मग काय, दोन रात्री जागून वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितेय.

आता बार्शीच का? बार्शी सोलापूर जिल्ह्यातलं बाजारपेठेचं गाव. तिथे 1987 साली टाटा मेमोरियलच्या मदतीने देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा हे तीन तालुके. शहरातल्या नोंदणीचं काम त्या मानाने सोपं, हॉस्पिटलांतल्या फायली उघडायच्या. खेड्यात पेशंट हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाही, तर फाईल कुठून येणार? म्हणून कार्यकर्तेच गावोगाव फिरायचे, लोकांशी बोलायचे, कुणाला अंगावरून रक्त जातंय का विचारायचे. बायकांमध्ये सगळ्यात जास्त सापडला तो गर्भाशयमुखाचा कॅन्सर. आणि नुसत्या या फिरण्या-बोलण्यानेही बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात यायला लागल्या. मला हे फार आवडलं. डेटा गोळा करायला गेले आणि त्यानेच डेटा बदलला.

या पायावर 1999 च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात मोठा प्रयोग सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला, पैसा गेट्स फाउंडेशनचा. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. गावांचे 52 समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. पहिल्या गटाला एचपीव्ही टेस्ट, म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू आहे का ते बघायचं. दुसऱ्याला पॅप स्मिअर. तिसऱ्याला व्हिनेगरची तपासणी: सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी.

चौथ्या गटाला काहीही नाही. नेहमीचे उपचार. आणि 'नेहमीचे' म्हणजे तिथे तपासणी नव्हतीच.

आमच्या हापिसात असलं काम रोज चालतं. निम्म्या लोकांना हिरवं बटण, निम्म्यांना निळं, आणि पंधरा दिवसांनी कुठलं जास्त दाबलं गेलं ते बघायचं. ज्यांना काही बदल दाखवत नाही तो कंट्रोल ग्रुप. मी आजवर शंभरेक वेळा तरी हा शब्द मीटिंगमध्ये वापरला असेल, जांभई देत.

उस्मानाबादचा निकाल 2009 च्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. पहिले लेखक डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन, सोबत बार्शीचे डॉ. नेने, टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि इतर. एचपीव्ही गटात 34,126 बायका, मृत्यू 34. कंट्रोल ग्रुपमध्ये 31,488 बायका, मृत्यू 64. आयुष्यात एकदा, फक्त एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर! पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत तसा ठोस फरक दिसला नाही. याचं कारणही सरळ आहे. विषाणूची लागण ते कॅन्सर हा प्रवास सहसा दहा-वीस वर्षांचा असतो. पॅप आणि व्हिनेगर त्या दिवशी जे झालेलं आहे ते बघतात, त्यामुळे ती तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. एचपीव्ही टेस्ट पुढे काय होऊ शकतं तेही सांगते. आज जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर एचपीव्ही टेस्ट करा, ती पाच ते दहा वर्षांतून एकदा पुरते असं सांगते, त्यामागे या खेड्यांतल्या बायकांचा मोठा वाटा आहे.

व्हिनेगर मात्र बाद झालं नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. शास्त्रींनीच दुसरा प्रयोग चालवला होता. दहावी पास बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन, दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. तिथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. 2013 साली हे जाहीर झालं तेव्हा जगभर कौतुक झालं.

त्याच मुंबईच्या प्रयोगातही सुमारे 76 हजार बायका तपासणीशिवायच्या गटात होत्या. त्यांना एकदा माहिती दिली गेली, कॅन्सर निघालाच तर उपचार फुकट, पण तपासणी नाही. एरिक सुबा नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी यावर सडकून टीका केली. पॅप स्मिअरने मृत्यू कमी होतात हे जगाला कित्येक दशकं माहीत असताना, बायका मरतात का हे मोजत बसायची काय गरज? संशोधकांची बाजू अशी की देशात तपासणीचा कार्यक्रमच नाही, त्यामुळे या बायकांचं काही काढून घेतलेलं नाही, आणि पक्का पुरावा हातात असल्याशिवाय सरकार हलत नाही.

मला दोन्ही बाजू पटतात, हीच पंचाईत आहे. पुरावा लागतो हे माझं इंजिनिअर डोकं मान्य करतं. पण मग पुरावा मिळाल्यावर तरी धावपळ व्हायला हवी होती की नाही? सरकारी मार्गदर्शक सूचना आल्या 2016 मध्ये. त्यात निवडलं व्हिनेगर, कारण ते स्वस्त. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी आयुष्यात कधीतरी ही तपासणी झालेल्या निघाल्या 1.9 टक्के. थोडक्यात, प्रयोग संपून बारा-चौदा वर्षं झाली तरी अख्खा देश चौथ्या गटातच होता. त्या 64 जणींचा हिशोब मला या आकड्याशी जुळवता येत नाही.

असो. रविवारी दुपारी आत्याला विचारलं, काय काय आठवतं? म्हणाली, "शाळेच्या खोलीत पडदा लावला होता. नर्सबाई होत्या. लाजलो आम्ही लई. मग म्हणाल्या काही नाही, जा घरी." थोडं थांबून म्हणाली, "माझ्या माहेरी नव्हती आली जीप. ते इकडंच का आले कुणास ठाऊक."

चिठ्ठ्यांचं मी तिला सांगितलं नाही. अजून तरी नाही.

आईचा फॉर्म माझ्या लॅपटॉप बॅगेत होता. खूण केली, एचपीव्हीच्या ओळीवर. काकांकडे न देता थेट लॅबच्या मुलीला नेऊन दिला. आई दोन दिवस धड बोलली नाही, पण काल विचारत होती, उपाशीपोटी जायचं असतं का म्हणून :)