परदेशातील रेल्वेची तिकिटे घरबसल्या काढताना

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतली मुले आता जर्मनी, इंग्लंड, नेदरलँड्स या देशांत आहेत. आई-वडील वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्याकडे जातात, महिना-दीड महिना राहतात. विमानाचे तिकीट मुले काढून देतात. पण तिथे गेल्यावर चार गावे पाहायची तर रेल्वेच सोयीची, आणि नोकरीवरून दमून आलेल्या मुलांना दर वेळी "एवढं तिकीट काढून दे रे" म्हणायला संकोच वाटतो. मी आणि सौ. आमच्या लेकीकडे दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेची सगळी तिकिटे मी इंदूरला बसून स्वतः काढली. पहिल्या खेपेलाही मीच काढली होती, पण तेव्हा ५४ युरो पाण्यात गेले. ते का गेले हे सांगितले म्हणजे निम्मा विषय सांगून होईल.

तिकीट वेगळे, जागा वेगळी

इंदूरहून अवंतिकाने मुंबईला निघालो की आपल्या दृष्टीने तिकीट म्हणजेच गाडी, डबा आणि बर्थ. कन्फर्म झाले की झाले. रद्द केले तर काही पैसे कापून बाकीचे परत येतात. ही सवय घेऊन आपण जर्मन रेल्वेच्या, म्हणजे डॉइश बानच्या संकेतस्थळावर जातो आणि फसतो. तिथे तीन गोष्टी सुट्या असतात: प्रवासाचा हक्क, बसायची जागा आणि ठरावीक गाडीचे बंधन.

भाड्याचे मुख्य प्रकार तीन. 'फ्लेक्सप्राइस' सर्वांत महाग, पण त्या दिवशी त्या मार्गावरची कोणतीही गाडी चालते. 'श्पारप्राइस' स्वस्त, पण लांब पल्ल्याची जी गाडी निवडली तीच पकडायची. 'सुपर श्पारप्राइस' त्याहून स्वस्त, बंधन तेच, आणि रद्द केल्यास एक सेंटही परत नाही. यांपैकी कोणत्याही तिकिटात दुसऱ्या वर्गाची जागा धरलेली नसते. आयसीई या वेगवान गाडीतसुद्धा देशांतर्गत प्रवासात जागा न धरता बसता येते. रिकामी मिळाली तर बसायचे, नाही तर उभे राहायचे. जागेचे माणशी पाचेक युरो वेगळे पडतात. आपल्या वयाला ते जरूर भरावेत. सामान घेऊन आठ डबे धुंडाळण्यापेक्षा ते परवडतात.

मी पहिल्या खेपेला फ्रँकफर्ट विमानतळ ते श्टुटगार्ट असे सर्वांत स्वस्त तिकीट काढले, विमान उतरल्यावर दोन तासांनी सुटणाऱ्या गाडीचे. दोन तास म्हणजे भरपूर, असा हिशेब. विमान चाळीस मिनिटे उशिरा आले, पासपोर्टच्या रांगेत तासाभराहून जास्त वेळ गेला आणि सौ.ची बॅग पट्ट्यावर सर्वांत शेवटी आली. फलाटावर पोहोचलो तेव्हा गाडी गेलेली. पुढची गाडी समोर उभी, निम्मी रिकामी, पण आमचे तिकीट तिला चालत नव्हते. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे समजावले, की विमानाचा उशीर हा रेल्वेचा उशीर नव्हे. त्यांचे बरोबर होते. अटी मी वाचल्याच नव्हत्या, आणि उभी हयात कर्जदारांना "सही करण्याआधी वाचा" असे सांगण्यात गेली होती! नवीन तिकीट पूर्ण दराने घेतले.

तेव्हा पोहोचण्याच्या दिवसाचे गाडीला बांधलेले तिकीट काढू नये. त्या दिवशी फ्लेक्सप्राइसच घ्यावे, किंवा उतरल्यावर काढावे. परतीच्या विमानालाही हेच लागू. दुसरी तितकीच मोठी चूक म्हणजे व्हिसा हाती येण्यापूर्वी परतावा नसलेले तिकीट काढणे. जर्मनीचे आरक्षण बरेच महिने आधी उघडते आणि स्वस्त दर आधी संपतात, हे खरे. पण व्हिसा लांबला तर तीस युरोंची बचत अख्ख्या भाड्याला खाते.

उशीर रेल्वेचाच असेल तर मात्र नियम प्रवाशाच्या बाजूचे आहेत. मुक्कामी २० मिनिटे किंवा अधिक उशीर होणार असे दिसले की जर्मनीत गाडीचे बंधन सुटते आणि पुढची गाडी घेता येते. युरोपीय संघाच्या नियमानुसार ६० मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांना ५० टक्के भरपाई मागता येते. अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा. पण त्यासाठी सारा प्रवास एकाच तिकिटावर हवा. पाच युरो वाचवायला दोन तुकड्यांत दोन तिकिटे काढली आणि पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली, तर हा आधार राहत नाही.

नातवंडे बरोबर असतील तर एक चांगली सोय आहे. ६ ते १४ वर्षांची मुले मोठ्यांबरोबर मोफत जातात, पण तिकीट काढतानाच त्यांची संख्या भरायला हवी.

इतर देशांबद्दल थोडे

इटलीत त्रेनितालिया आणि इतालो अशा दोन कंपन्या एकाच मार्गावर वेगवान गाड्या चालवतात, म्हणून रोम-फ्लोरेन्सचे दर दोन्हीकडे पाहावेत. या गाड्यांत जागा तिकिटातच येते. प्रादेशिक गाड्यांचे भाडे ठरलेले, तिथे आगाऊ काढण्यात काही फायदा नाही. मात्र त्यांचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. न मारल्यास खिशात तिकीट असूनही दंड होतो.

स्वित्झर्लंडमध्ये घाई नको. साध्या तिकिटाचा दर महिनाभर आधी काढा वा स्टेशनवर, तोच असतो, आणि त्या मार्गावर दिवसभरातली कोणतीही गाडी चालते. 'स्विस ट्रॅव्हल पास'मध्ये गाड्या, बोटी, बस सारे येते. युंगफ्राउयोखच्या शेवटच्या टप्प्याचे पैसे मात्र वेगळे, त्यावर पासधारकाला २५ टक्के सूट.

आपल्याकडे ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. ब्रिटनमध्ये साठी ओलांडलेल्या कोणालाही, परदेशी पाहुण्यालासुद्धा, 'सीनियर रेलकार्ड' मिळते आणि बहुतेक भाड्यांत एक तृतीयांश सूट मिळते. दोन लांबचे प्रवास केले की कार्डाची किंमत सहसा वसूल होते. लंडन-पॅरिस युरोस्टारला ब्रिटनचा आणि शेंगेनचा असे दोन्ही व्हिसा लागतात. तपासणीचे फाटक गाडी सुटण्यापूर्वी ३० मिनिटे बंद होते.

अनेकजण युरेल पासबद्दल विचारतात. तो ३३ देशांत चालतो आणि ६० वर्षांवरील प्रवाशांना त्यावर १० टक्के सूट आहे. पण फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. मुलाकडे मुक्काम आणि दोन-तीन सहली, एवढाच बेत असेल तर माझ्या मते पास घेऊ नये.

कार्डाचा भाग

"तिकीट निघतच नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांची अडचण रेल्वेकडे नसून बँकेत असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवीन कार्ड फक्त भारतातील वापरासाठी चालू असते. परदेशी व ऑनलाइन वापर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपणच सुरू करायचा असतो. तिथेच मर्यादाही ठरवता येते. तिकिटाच्या रकमेपेक्षा थोडी जास्त ठेवा आणि काम झाले की पुन्हा बंद करा. रुपे कार्ड युरोपातील बहुतेक रेल्वे संकेतस्थळांवर चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवे.

ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. तिथे पोहोचल्यावर लोक स्थानिक सिम घालतात, भारतातले काढून डबीत ठेवतात आणि मग ओटीपीची वाट पाहत बसतात. भारतातले सिम रोमिंग सुरू करून फोनमध्येच राहू द्यावे, किंवा तिकिटे निघण्यापूर्वीच काढावीत.

खर्चाचा हिशेब असा. बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा आकार २ ते ३.५ टक्के असतो आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०० युरोंच्या तिकिटाला साडेतीन टक्क्यांनी ४ युरो १३ सेंट जास्त. पैसे भरताना काही ठिकाणी "रुपयांत भरायचे का?" असा पर्याय येतो. आपुलकीचा वाटतो, पण नाकारावा. तो दर विकणाऱ्याच्या बाजूने ठरवलेला असतो आणि बहुधा महाग पडतो. नेहमी युरोच निवडावा. रक्कम वजा झाल्याचा संदेश आला पण तिकीट आले नाही, तर लगेच दुसऱ्यांदा प्रयत्न करू नका. आधी मेल आणि त्याचा स्पॅम कप्पा पाहा, मग संकेतस्थळावरील आपले खाते पाहा.

नाव पासपोर्टप्रमाणेच भरावे. तिकीट शक्यतो रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावे. बहुतेक ठिकाणी इंग्रजी पर्याय असतो. मध्यस्थांकडे अनेकदा वरचे शुल्क पडते आणि गडबड झाली की दोन्हीकडून एकमेकांकडे बोट दाखवले जाते. कोणत्या देशात कोणते संकेतस्थळ हे कळत नसेल तर मार्क स्मिथ या ब्रिटिश गृहस्थांचे 'द मॅन इन सीट सिक्स्टी-वन' पाहावे. २००१ पासून ते ही माहिती विनामूल्य देत आहेत.

आणि पैसे भरण्याआधी स्टेशनचे नाव अक्षर न् अक्षर वाचा. जर्मनीत फ्रँकफर्ट दोन आहेत. आपल्याला हवे ते माइन नदीवरचे, दुसरे ओडर नदीवर, पोलंडच्या सीमेला लागून. व्हेनिसला कालव्यांच्या काठी उतरायचे तर 'सांता लुचिया', 'मेस्त्रे' हे खाडीच्या अलीकडचे स्टेशन. जिनिव्हा स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि जेनोव्हा इटलीत.