चुलीवरून पुस्तकांत आणि पुस्तकांतून पुन्हां चुलीकडे

अन्न शिजविण्याची विद्या मनुष्यानें प्रथम पुस्तकांतून घेतली नाहीं. ती आईच्या हातून मुलीच्या हातीं आणि सासूच्या चुलीवरून सुनेच्या चुलीवर आली. तांदूळ किती वेळ भिजवावा, पीठ किती आंबूं द्यावें, मोड आणण्यासाठीं मटकी फडक्यांत केव्हां बांधावी, हें कोणी लिहून ठेवीत नसे. कारण ज्यास तें ठाऊक नाहीं असें घर गांवांत नव्हतेंच. जी गोष्ट सर्वांस ठाऊक असते, तिचें पुस्तक निघत नाहीं. म्हणून जुन्या रीतीच्या सकस अन्नाचीं पुस्तकें निघूं लागलीं, ती त्या विद्येच्या भरभराटीची नव्हे, तर तिच्या हानीची खूण होय. ही हानि कशी झाली, ती भरून काढण्यासाठीं कोणीं काय केलें, आणि आज एखाद्या कुटुंबानें असें पुस्तक घेऊन पहिल्या पानापासून रांधावयास आरंभ केला तर त्यास काय लाभेल, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचा येथें हेतु आहे.

ही हानि प्रथम ठळकपणें दिसली ती तांदुळांत. हातसडीच्या तांदुळावर कोंड्याचा तांबूस पापुद्रा थोडाबहुत शिल्लक राहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाफेच्या गिरण्या आशियांत पसरूं लागल्या. त्यांतून निघणारा तांदूळ मोत्यासारखा शुभ्र आणि सांठवणीस टिकाऊ असे. परंतु त्याच काळांत खलाशी, शिपाई व कैदी ह्यांच्यामध्यें बेरीबेरीचा रोग बळावला. पाय बधिर होत, अंगावर सूज येई, आणि शेवटीं हृदय थकून माणूस मरे. जपानी आरमारांतील वैद्य ताकाकी कानेहिरो ह्यांनीं १८८४ सालीं एका जहाजावरील लोकांचें अन्न बदलून पाहिलें आणि रोग जवळजवळ नाहींसा करून दाखविला. बटाविया येथें, म्हणजे आजच्या जाकार्तांत, डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान ह्यांस १८९० च्या सुमारास असें आढळलें कीं, पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात, आणि कोंड्यासह तांदूळ मिळाला म्हणजे पुन्हां उभ्या राहतात. कोंड्यांत शरीरास अवश्य असें कांहीं द्रव्य आहे, हा उलगडा त्यांच्यामागून आलेल्या ग्राइन्स ह्यांनीं १९०१ सालीं केला. १९१२ सालीं कासिमिर फुंक ह्यांनीं अशा द्रव्यांस ‘व्हिटॅमिन’ हें नांव दिलें, आणि १९२९ सालीं आइकमान ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या कोंड्याचें मोल शास्त्रज्ञांस एवढ्या वर्षांच्या खटाटोपानें कळलें, तो कोंडा उखळांत मुसळ घालणारी बाई नकळत राखीत आली होती.

आपल्या देशांतहि हा प्रश्न हातीं घेतला गेला. निलगिरीवरील कून्नूर येथें सर रॉबर्ट मॅकॅरिसन ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार उंदरांस घालून पाहिला. अख्ख्या गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ व भाजीपाला ह्यांवर पोसलेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. गिरणीच्या तांदुळावर ज्यांचा भर होता ते मागें पडले. कून्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ सालीं हैदराबादेस हलली. १९३४ सालीं वर्ध्यास महात्मा गांधींच्या प्रेरणेनें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यांत जन्मलेले जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. हातसडीचा तांदूळ, जात्याचें पीठ, घाणीचें तेल आणि गूळ ह्यांचा त्यांनीं पुरस्कार केला. खाणाऱ्याची प्रकृति आणि कांडणाऱ्या-दळणाऱ्याची मजुरी हे त्यांच्या मतें दोन प्रश्न नव्हते, एकच होता.

त्याच सुमारास अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहराचे दंतवैद्य वेस्टन प्राइस ह्यांस आपल्या रोग्यांचे दांत इतके कां किडतात, ह्याचा शोध घ्यावासा वाटला. त्यासाठीं ते १९३१ व १९३२ सालीं स्वित्झर्लंडमधील लोटशेंटाल नांवाच्या दरींत गेले. चोहोंकडे उंच पर्वत आणि मध्यें सुमारें दोन हजार कॅथलिक शेतकऱ्यांची वस्ती. राय नामक धान्याच्या अख्ख्या पिठाची भाकर, तिजबरोबर तेवढाच चीजचा तुकडा, दूध, आणि आठवड्यांतून एखादे वेळीं मांस, हें त्यांचें अन्न. पीठ दगडी जात्यावर दळीत. भाकर गांवच्या सामाईक दगडी भट्टींत भाजीत, आणि एका कुटुंबाची महिनाभराची भाकर एकाच वेळीं होई. तेथील मुलांच्या दांतांस कीड फारच थोडी आढळली; जेथें मैदा व साखर पोंचली होती त्या गांवांत ती पुष्कळ होती. दरींतील धर्मगुरूंनीं प्राइस ह्यांस मोठें साहाय्य केलें. गाई उन्हाळ्यांत वरच्या कुरणांत गेल्यावर जें पहिलें लोणी निघे, त्यांत वात लावून तेथील लोक देवाचे आभार मानीत, अशी हकीकत प्राइस ह्यांनीं नमूद केली आहे. पुढें इतर अनेक देश हिंडून त्यांनीं १९३९ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

प्राइस ह्यांच्या ग्रंथावरून पुढें एक पाकशास्त्र तयार झालें. सॅली फॅलन ह्यांनीं मेरी एनिग ह्या विदुषींच्या सहकार्यानें १९९५ सालीं ‘नरिशिंग ट्रॅडिशन्स’ हें पुस्तक काढलें; त्याची सुधारलेली आवृत्ति १९९९ सालीं निघाली. अमेरिकेंत पुष्कळ कुटुंबांनीं तें घरांत आणलें. त्याचा आरंभ मेजवानीच्या पदार्थांनीं होत नाहीं. प्रथम दही आणि दह्याची निवळ, मग मिठांत मुरविलेल्या भाज्या, मोड आलेलीं धान्यें, हाडांचा सावकाश उकळलेला रस्सा, असा तो क्रम आहे. धान्य वा पीठ रात्रभर कोमट पाण्यांत निवळ किंवा ताक घालून भिजवावें, असा त्यांत आग्रह आहे, आणि त्यास आधारहि आहे. धान्याच्या कोंड्यांत फायटिक आम्ल असतें; तें लोह व जस्त शरीरास सहजासहजीं मिळूं देत नाहीं. भिजविल्यानें, आंबविल्यानें व मोड आणल्यानें तें कमी होतें.

तथापि ह्या पुस्तकाचा शब्दन् शब्द प्रमाण मानूं नये. त्यांत कच्च्या दुधाची जी महती गाइली आहे ती सुज्ञ माणसानें सोडून द्यावी. कच्च्या दुधावाटे क्षय व ब्रुसेलोसिस हे रोग माणसांस जडल्याचा इतिहास आहे, आणि दूध उकळण्याची आपली चालच शहाणपणाची आहे. लोणी व चरबी ह्यांविषयीं त्यांतील मतेंहि बहुतेक वैद्यांस मान्य नाहींत. प्राइस ह्यांचा मुक्कामहि ठिकठिकाणीं अल्प होता, आणि डोंगरांतील माणसाचें जीवन शहरवासीयाहून केवळ अन्नांतच वेगळें नसतें. गहूं आणि खडे ह्यांची निवड ज्यानें त्यानें आपल्या सुपांत करावी.

एवढी निवड करून जें कुटुंब असें पुस्तक क्रमानें रांधीत जाईल, त्याच्या घरांत एक पालट होईल. उद्यांचें जेवण आजच आठवावें लागेल. रात्रीं कोणी डाळ भिजत घालावी, सकाळीं कोणी दह्याचें फडकें टांगावें, धाकट्यानें मोड किती आले तें पाहावें, बापानें रश्श्याखालील आंच सांभाळावी, अशीं कामें वांटलीं जातील. कधीं पीठ फार आंबेल, कधीं भाजी मुरण्याऐवजीं नासेल. मग कारण शोधावें लागेल. घाईनें होणारें त्यांत कांहींच नाहीं, आणि कुटुंबास एकत्र आणणारी गोष्ट तीच आहे.

मुलगी पुस्तकांतून वाचते, “पीठ आंबट निवळींत रात्रभर ठेवावें,” आणि कोपऱ्यांत बसलेली आजी हंसून म्हणते, “अगं, आंबोळीचें पीठ आम्ही तरी रात्रभर कशाला ठेवीत होतों?” परदेशीं पुस्तकाचें उत्तम भाष्य आपल्याच घरांत बसलेलें असतें. मोडाची उसळ, नाचणीची आंबील, ताडीनें फुगविलेल्या पिठाचे लग्नांतले फुगे, पावसाळ्यापूर्वीं कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला मसाला, हीं सर्व त्याच विद्येचीं पानें होत. मात्र तीं कागदावर नाहींत.

मृतांच्या वहींत एखाद्या वृद्धेचें नांव लिहितांना, तिजबरोबर किती पाककृति गेल्या असतील, हा विचार माझ्या मनांत येतोच. त्यांची नोंद कोणत्याच वहींत नसते. महोत्सवाचें हें वर्ष संपण्यापूर्वीं प्रत्येक घरानें एक कोरी वही आणावी. छापील पुस्तकांतील जें पान रांधावें, त्याच्यासमोर घरच्या वडील माणसाची रीत, माप व नांव लिहून काढावें. मात्र लिहून थांबूं नये. जें लिहिलें तें त्याच आठवड्यांत मुलांच्या हातून चुलीवर चढवावें आणि त्या वडील माणसास प्रथम वाढावें. मीठ कमी पडलें असेल तर तें सांगणारें माणूस आज घरांत आहे.