पन्नास सेंटची चिठ्ठी

डॉक्टर औषध लिहून देतात त्या कागदाला आपण ‘चिठ्ठी’ म्हणतो. मला हा शब्द आवडतो. चिठ्ठी म्हटलं की लिहिणारा एक आणि ज्याच्यासाठी लिहिली तो दुसरा, अशी दोन माणसं डोळ्यांसमोर येतात. आज मी ज्या चिठ्ठ्यांबद्दल सांगणार आहे, त्यांत हा दुसरा माणूस जवळपास नव्हताच. नाव असे, पण तेही कधीकधी खोटं.

अमेरिकेत १९१४ साली हॅरिसन कायदा झाला. अफू, मॉर्फीन, कोकेन यांची मोकळी विक्री बंद झाली. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, असं ठरलं. साहजिकच चिठ्ठीला भाव आला. टेनेसी राज्यातल्या मेंफिस शहरी वेब नावाचे डॉक्टर होते. मॉर्फीनची सवय लागलेला कुणीही आला की ते चिठ्ठी देत. तपासणी नाही, विचारपूस नाही. चिठ्ठीमागे पन्नास सेंट. गोल्डबॉम नावाचे दुकानदार ती चिठ्ठी वटवत. अकरा महिन्यांत अशा चार हजारांवर चिठ्ठ्या निघाल्या. म्हणजे फी झाली दोन हजार डॉलर! परराज्यातून आलेल्या एका गिऱ्हाइकाला तर एकाच वेळी दहा चिठ्ठ्या मिळाल्या, दहा वेगवेगळ्या बनावट नावांच्या.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९१९ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. न्यायालयापुढचा प्रश्न मात्र पन्नास सेंटचा नव्हता. व्यसन सोडवण्यासाठी नव्हे, तर व्यसनी माणसाचा त्रास टळावा, त्याचं नेहमीचं प्रमाण चालू राहावं म्हणून डॉक्टरांनी मॉर्फीन लिहून दिलं, तर त्याला ‘प्रिस्क्रिप्शन’ म्हणायचं का? न्यायालय म्हणालं, हा तर शब्दाच्या अर्थाचा उघड विपर्यास. चर्चेचीही गरज नाही. आयुष्य शब्दांत घालवलेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य अस्वस्थ करतं. चर्चा तिथेच तर हवी होती.

कारण फी उकळणारा डॉक्टर आणि रोग्याची कणव असलेला डॉक्टर, दोघंही त्या एका वाक्यात सापडले. अनेक शहरांनी व्यसनी लोकांसाठी दवाखाने उघडले होते. सरकारी दडपणाखाली ते एकेक करून बंद पडले. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचा डॉ. विलिस बटलर यांचा दवाखाना १९२३ पर्यंत टिकला. स्पोकेनच्या डॉ. लिंडर यांना अवघ्या चार गोळ्यांपायी शिक्षा झाली. १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली, पण तोवर डॉक्टरमंडळी धसकली होती.

रुग्ण कुठे गेले? पुष्कळसे तुरुंगात. केंद्रीय तुरुंग इतके भरले, की १९२९ साली वेगळा कायदा करावा लागला आणि १९३५ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला शेतजमिनीवर एक प्रचंड संस्था उभी राहिली. ती अर्धी इस्पितळ होती, अर्धी तुरुंग. तिथून सुटलेले बहुतेक जण पुन्हा व्यसनाकडे वळत. पन्नास सेंट रोग्याच्या खिशातून गेले होते. लेक्सिंग्टनचा खर्च मात्र कर भरणाऱ्यांच्या माथी आला.

१९६०च्या दशकात मेथाडोनचे उपचार आले, पण तेही खास केंद्रांतच. साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून देता यावं म्हणून २००० साली कायदा झाला, तोही वेगळ्या परवानगीची आणि सुरुवातीला तीस रुग्णांच्या मर्यादेची अट घालून. ती वेगळी परवानगी रद्द झाली डिसेंबर २०२२ मध्ये. मेंफिसच्या निकालाला तेव्हा एकशे तीन वर्षं झाली होती.