पिठ्या ढेकणाचा वैरी आणि हवेचा गुण



द्राक्षाच्या घडात, सीताफळाच्या डोळ्यांत किंवा पेरूच्या फांदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, की आपला हात आधी फवारणी पंपाकडे जातो. पण औषध त्याच्या मेणचट अंगावर ठरत नाही, अन् सालीखाली दडलेल्या ढेकणापर्यंत पोचतही नाही. या किडीवरच जगणारा एक भुंगेरा आहे. नाव जरा अवघड, क्रिप्टोलिमस. तो कुठे टिकला आणि कुठे मेला याचा इतिहास समजला, की बागेत तो केव्हा सोडावा हेही समजते.

हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील संत्रा-लिंबाच्या बागांसाठी अल्बर्ट कोबेल या कीटकतज्ज्ञाने १८९१-९२ साली तो तिकडून आणला. त्याआधी १८८८-८९ मध्ये त्यानेच आणलेल्या दुसऱ्या एका भुंगेऱ्याने तिथल्या खवलेकिडीचा बंदोबस्त केला होता. क्रिप्टोलिमसनेही पिठ्या ढेकूण चांगला खाल्ला. पण हिवाळा आला आणि अडचण झाली. समुद्रकाठच्या सौम्य हवेत काही भुंगेरे जगले, आतल्या थंड भागात मात्र तगले नाहीत.

मग तिथल्या बागायतदारांनी हार मानली का? नाही. त्यांनी कीटकशाळा काढल्या. बटाट्याला कोंब आणायचे, कोंबांवर पिठ्या ढेकूण वाढवायचा आणि त्यावर भुंगेरे पोसायचे. १९२० नंतरच्या काळात असे लाखो भुंगेरे तयार करून बागांत सोडले जात. थंडीने मोडलेली साखळी माणसाने दरसाल पुन्हा जोडली.

आपल्या देशात हा भुंगेरा १८९८ साली आला. दक्षिणेतील कॉफीवरच्या हिरव्या खवलेकिडीसाठी तो आणला होता. ते काम काही त्याच्याकडून झाले नाही, पण डोंगराळ भागातील सौम्य हवा त्याला मानवली आणि तो तिथे रुजला. पुढे १९८० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत द्राक्ष, पेरू यांसारख्या फळझाडांवरील पिठ्या ढेकणासाठी त्याचा अभ्यास झाला. आपल्याकडे तो वाढवायला बटाट्याऐवजी लाल भोपळा कामी आला.

आता तुम्ही म्हणाल, हवेचे एवढे काय? बंधूंनो, किडीच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. बाहेर जशी हवा, तशी तिची वाढ. २७ अंश सेल्सिअसच्या आसपास क्रिप्टोलिमसची अंडी, अळी, कोष आणि भुंगेरा ही फेरी साधारण महिन्याभरात पुरी होते. १८ अंशांवर तिलाच दोन महिन्यांहून जास्त लागतात. सुमारे १६ अंशांच्या खाली आणि ३३ अंशांच्या वर तर भुंगेरा भक्ष्य शोधायचेच जवळजवळ थांबवतो.

आता आपला हिशेब मांडा. नाशिककडे कडाक्याच्या थंडीत रात्री पारा १० अंशांखाली जातो. एप्रिल-मेच्या दुपारी तो ४० च्या घरात असतो. या दोन्ही वेळी भुंगेरे सोडले, तर पैसे मातीत गेले समजा. पावसाची झड ओसरल्यावर किंवा थंडी सरून ऊन तापण्याआधी ते सोडावेत.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवा:

१. भुंगेरे संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, ढेकूण दिसतो त्याच झाडांवर सोडा.

२. सोडण्याच्या आधी आणि नंतर कडक कीटकनाशक फवारू नका. मित्र आधी मरतो, शत्रू मागे राहतो.

३. मुंग्यांचा बंदोबस्त करा. गोड चिकट्यासाठी त्या ढेकणाची राखण करतात आणि भुंगेऱ्याला हुसकावतात.

४. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओळख. भुंगेरा काळपट, डोके आणि पंखांची टोके नारिंगी. पण त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांनी झाकलेली, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी असते. ती आकाराने मोठी आणि चालायला चपळ असते. तिला चिरडू नका, तीच तुमची राखणदार आहे.

झाडामागे किती भुंगेरे सोडायचे आणि ते कुठे मिळतील, हे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात विचारा. जाताना ढेकूण लागलेली एक फांदी पिशवीत बांधून सोबत न्या.