दोन दगडांचा गोल

आमच्या घाटंजीत पावसाची झड लागली की पोरं चिखलात फुटबॉल खेळत. खांब कुठले? दोन दगड ठेवले की गोल तयार. यातल्या एखाद्या पोराला वर जायला वाट होती का?

मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ सालची. पण देशपातळीवरची राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडावे लागले. पहिले विजेतेपद पटकावले पंजाबच्या जेसीटी या कापडगिरणीच्या संघाने. २००६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने बाजी मारली. २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली. तिचा पहिला विजेता गोव्याचा धेंपो.

यातले बरेच संघ उद्योगघराण्यांचे. मालकाने हात काढला की खेळ संपला. महिंद्राचा संघ २०१० मध्ये बंद झाला, जेसीटीचा २०११ मध्ये.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. पैसा आला, तारे आले. पण खालच्या संघाला जिंकून वर चढायची सोय नव्हती. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या संघांनी याच कारणावरून आय-लीग सोडली. आय-लीग जिंकून वर चढणारा पहिला संघ दिसला तो २०२३ मध्ये, पंजाबचा.

म्हणजे वरची एक पायरी झाली. खालच्या अजून बांधायच्या आहेत. मालक येतात, जातात. मैदान गावाचे असते. पायऱ्या त्या दोन दगडांपर्यंत उतरल्या, तरच लीग देशाची म्हणायची.