लग्नाला वर्ष झालं, दिवस जात नाहीत? तपासणी दोघांचीही करा

नांदेड/लातूर : लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की गावात बोट सुनेकडंच जातं. देवदेव, अंगारे-धुपारे, गावठी औषध होतं, कुठं दुसऱ्या लग्नाचीही बोलणी सुरू होतात. नवऱ्याची साधी तपासणीही झालेली नसते. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. जगात दर सहा माणसांमागं एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

डॉक्टरकडं कधी जावं?
* कुठलंही साधन न वापरता 12 महिने एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत तर.
* बाईचं वय 35 च्या पुढं असेल तर 6 महिन्यांतच. चाळिशीनंतर थांबूच नये.
* पाळी अनियमित, पाळीत असह्य दुखणं, पूर्वी टीबी किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन असेल, पुरुषाला वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजले असतील, तर वर्षभर वाट पाहू नये.

नवरा पुण्याला कामाला आणि सणालाच गावी, असं असेल तर ते वर्ष धरता येत नाही. 28 दिवसांची पाळी असेल तर साधारण दहाव्या ते सोळाव्या दिवसात गर्भ राहण्याची शक्यता जास्त असते.

तपासणी काय असते?
पुरुषाची वीर्य तपासणी स्वस्त आणि बिनदुखापतीची. त्याआधी 2 ते 7 दिवस संबंध टाळावा लागतो. बाईची सोनोग्राफी, थायरॉईड व इतर रक्त तपासणी होते. नंतर गरजेप्रमाणं गर्भनलिका उघड्या आहेत का ते पाहतात. टीबीनं नलिका बंद पडू शकतात. तंबाखू, दारूनं शुक्राणू कमी होतात. बऱ्याच जणांचं काम गोळ्या-औषधांवर भागतं, सगळ्यांनाच टेस्ट ट्यूब बेबी लागत नाही.

सुरुवात नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत स्त्रीरोग विभागात करता येते.

फसू नका
2021 च्या कायद्यानं टेस्ट ट्यूब केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. उपचारासाठी बाईचं वय 21 ते 50, पुरुषाचं 21 ते 55 असावं लागतं. नोंदणी पाहा, खर्च लिहून घ्या. ‘मुलगाच होईल’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा, गर्भलिंग निवड गुन्हा आहे. दैवी शक्तीनं मूल देतो म्हणत बाईशी संबंध ठेवणाऱ्या बाबावर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा दाखल होतो.

पहिल्या खेपेला नवरा-बायकोनं सोबतच जावं, जुने रिपोर्ट आणि पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात.